दट्ट्या किती सरकला?

पाच सीसीच्या साध्या सिरिंजवर ०.२ मिलीच्या दोन रेघांमध्ये जेमतेम पावणेदोन मिलिमीटर अंतर असतं. एक सीसीच्या बारीक सिरिंजमध्ये तेवढ्याच ०.२ मिलीसाठी दट्ट्याला सुमारे साडेअकरा मिलिमीटर सरकावं लागतं. डोळ्याची आणि अंगठ्याची चूक दोन्हीकडे सारखीच, अर्धा मिलिमीटर धरू. पाच सीसीच्या सिरिंजमध्ये ही चूक म्हणजे पाव हिश्शाहून जास्त औषध इकडेतिकडे. एक सीसीच्या सिरिंजमध्ये ती चार टक्क्यांच्या आसपास राहते. तरीही तान्ह्या बाळाला ०.२ मिली औषध द्यायचं असताना हाताशी असेल ती सिरिंज उचलली जाते, कारण रेघ दोन्हींवर असते.

सिरिंज हे मुळात अंतर मोजायचं साधन आहे. दट्ट्या किती सरकला एवढंच तिला कळतं. नळीचा व्यास सगळीकडे सारखा आहे, आत द्रवाशिवाय काही नाही, आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेइतकाच आहे, रेघा ज्या एककात छापल्यात त्याच एककात डॉक्टरांनी मात्रा लिहिली आहे, ही सगळी गृहीतकं वापरणाऱ्याची. सिरिंजने केलेल्या मोजणीचा आढावा घ्यायचा तर या गृहीतकांचाच घ्यायला हवा असं मला वाटतं. कारखान्यातून निघालेली सिरिंज क्वचितच दगा देते. गंभीर चुका होतात त्या या न बोललेल्या अटींपाशी.

हे अंतर मोजण्याचं तत्त्व पहिल्यांदा ज्याच्या कामात स्वच्छ दिसतं तो माणूस म्हणजे फ्रान्समधल्या ल्यों शहरातले शल्यचिकित्सक शार्ल प्रावाझ. १८५३ साली त्यांनी बनवून घेतलेल्या चांदीच्या छोट्या सिरिंजमध्ये दट्ट्या ढकलायचा नसे, स्क्रूने फिरवत पुढे न्यायचा असे. किती फेरे दिले त्यावरून किती औषध गेलं ते कळे. त्याच सुमारास एडिंबरोत अलेक्झांडर वुड मॉर्फिन टोचून वेदना कमी करत होते. त्यांची सिरिंज काचेची होती, आतलं औषध दिसणारी. पुढे काचेवर रेघा आल्या, स्क्रू मागे पडला. वापरायला काच सोपी, पण मापनाच्या दृष्टीने प्रावाझ यांची रचना पुढारलेली होती. आजच्या अतिदक्षता विभागातले सिरिंज पंप त्याच रचनेवर चालतात: मोटर स्क्रू फिरवते, स्क्रू दट्ट्या ढकलतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या लुअर यांच्या कारखान्यातून संपूर्ण काचेची सिरिंज आली. दट्ट्याही काचेचा, नळीत घासून बसवलेला. सुई बसवायच्या निमुळत्या टोकाला त्यांचंच नाव जगभर चिकटलं. दवाखान्यात उकळत्या पाण्याच्या भांड्यातून चिमट्याने बाहेर काढलेली काचेची सिरिंज पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. १९५० आणि ६० च्या दशकांत एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या सिरिंजा आल्या आणि संसर्गाचा मोठा धोका टळला. मापनाच्या बाजूने मात्र एक बदल झाला, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. काचेवर काच अलगद घसरते. प्लास्टिकच्या नळीतला रबरी दट्ट्या घट्ट धरून बसतो. द्रवाच्या आकारमानाला याने काही फरक पडत नाही. वायूला पडतो, आणि किती पडतो ते पुढे येईलच.

आधी द्रव. रबरी दट्ट्याला नळीला टेकणाऱ्या दोन कडा असतात आणि पुढे बहुधा शंकूसारखं टोक. वाचायची ती औषधाकडची पहिली कडा. टोक धरून वाचलं की आकडा चुकतो, मागची कडा धरली की उलट बाजूने चुकतो. नळीवरचं शून्य याच पुढच्या कडेशी जुळवलेलं असतं, त्यामुळे दुसरीकडे कुठेही वाचायला अर्थ नाही. प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि त्याचा तळ वाचावा लागतो. ती अडचण सिरिंजमध्ये नाही, हा तिचा मोठा गुण.

एकदाच वापरायच्या सिरिंजांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ७८८६ मध्ये, किती चूक चालेल ते ठरवलेलं आहे. सिरिंज अर्धी किंवा त्याहून जास्त भरली असेल तर पाच मिलीपेक्षा लहान सिरिंजला पाच टक्के, पाच मिली आणि त्यापुढच्या सिरिंजला चार टक्के. अर्ध्याहून कमी भरल्यावर हिशोब बदलतो. पाच मिली आणि त्यापुढच्या सिरिंजमध्ये पूर्ण क्षमतेचे दीड टक्के अधिक बाहेर काढलेल्या द्रवाचा एक टक्का, एवढी सूट मिळते. दहा मिलीच्या सिरिंजने एक मिली मोजायचं झालं तर ही सूट ०.१५ अधिक ०.०१, म्हणजे ०.१६ मिली होते. सोळा टक्के! आणि ती सिरिंज मानकात बसणारी, उत्तम सिरिंज असेल. याच्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्याची चूक वेगळी. जेवढं मोजायचं त्याच्या लगत वरच्या मापाची सिरिंज घ्यावी, हा नियम परिचारिकांना शिकवतात तो याच गणितावर उभा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकात अडकून राहणारं औषध. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सिरिंजचं टोक आणि सुईची मूठ यांत थोडा द्रव उरतो. दोन मिलीपर्यंतच्या सिरिंजमध्ये मानकाने ०.०७ मिलीची मुभा दिली आहे, सुई वेगळी. नेहमीच्या इंजेक्शनमध्ये याने मात्रा चुकत नाही: हवा काढून टाकताना हा कोपरा आधीच भरलेला असतो आणि शेवटी भरलेलाच राहतो, रेघांमधलं सगळं औषध रुग्णाला मिळतं. वाया जातं ते तेवढं थेंबभर. पण औषध सिरिंजमध्येच पातळ करायला घेतलं की हाच कोपरा उलटतो. समजा एक मिलीच्या सिरिंजमध्ये ०.१ मिली औषध ओढलं आणि वर सलाइन ओढून एक मिली केलं. दट्ट्या ०.१ वर असताना टोकात आणखी ०.०७ मिली औषध होतंच. सलाइन आत येताना ते पुढे ढकललं जातं आणि मिसळतं. आता सिरिंजमधल्या एकूण १.०७ मिलीत ०.१७ मिली औषध आहे. एक मिली टोचलं की ०.१ च्या जागी जवळजवळ ०.१६ मिली औषध जातं. प्रौढाला कदाचित निभावेल. सव्वा किलोच्या नवजात बाळाला डिगॉक्सिन किंवा मॉर्फिन दिलं जात असेल तर हीच साठ टक्के वाढ जीवघेणी ठरू शकते. यावर उपाय साधा आहे: औषध आणि सलाइन वेगवेगळं मोजून स्वच्छ कुपीत मिसळायचं, मग तिथून ओढायचं.

या उरलेल्या थेंबाची किंमत सगळ्या जगाला कळली ती करोनाच्या लशीच्या वेळी. फायझरच्या कुपीत ०.४५ मिली लस असे, तिच्यात १.८ मिली सलाइन घालायचं, म्हणजे २.२५ मिली. मात्रा ०.३ मिलीची. कागदावर सात मात्रा निघतात. सुरुवातीला कुपीवर पाचच मात्रा लिहिलेल्या होत्या, कारण नेहमीच्या सिरिंजमध्ये दरवेळी काही ना काही मागे राहतं. टोकात कमी जागा असलेल्या सिरिंजने सहावी मात्रा हमखास निघते हे ध्यानात आल्यावर २०२१ च्या सुरुवातीला युरोपात आणि अमेरिकेत कुपीमागे सहा मात्रा धरायला अधिकृत मान्यता मिळाली. लस तीच, कुपी तीच.

इन्सुलिनच्या सिरिंजांवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे हा विषय अजून मिटलेला नाही. इन्सुलिन मिलीत लिहीत नाहीत, युनिटमध्ये लिहितात, आणि भारतात दोन तीव्रतेचं इन्सुलिन शेजारीशेजारी विकलं जातं. कुपीतलं बरंचसं एका मिलीत ४० युनिटचं. पेनच्या काडतुसातलं, आणि काही कुप्यांतलंही, एका मिलीत १०० युनिटचं. सिरिंजाही दोन. लाल टोपणाची यू-४०, केशरी टोपणाची यू-१००. टोपण काढून ठेवलं की दोन्ही सिरिंजा लांबून जुळ्या दिसतात.

डॉक्टरांनी २० युनिट लिहिलेत. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं. त्या सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली, आणि अर्ध्या मिलीत ५० युनिट आहेत. अडीचपट मात्रा गेली; तासा-दोन तासांत घाम, थरथर, ग्लानी. उलट घडलं, म्हणजे ४० चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने, तर २० ची रेघ ०.२ मिलीची, आणि तिच्यात आठच युनिट. साखर वाढतच राहते आणि घरचे म्हणतात, इन्सुलिन लागू पडत नाही. दोन्ही वेळा वापरणाऱ्याने रेघ अगदी बरोबर वाचलेली असते. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढणं, दुकानात लाल टोपणाची संपली म्हणून केशरी देणं, या रोजच्या गोष्टींतून हे घडतं. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं. तिथे माणसांसाठी ४० युनिटचं इन्सुलिन मिळत नाही; यू-४० सिरिंज मिळाली तर ती मधुमेही कुत्र्यामांजरांच्या औषधासाठी असते.

माझं मत स्पष्ट आहे. एका देशात दोन तीव्रता ठेवून टोपणाच्या रंगावर माणसांचा जीव सोपवणं थांबायला हवं. बहुतेक जग १०० वर स्थिरावलं आहे, आपणही एक तारीख ठरवून तिथे जावं. तोवर दुकानदाराने कुपी आणि सिरिंज यांच्यावरचा आकडा ग्राहकासमोर जुळवून दाखवणं ही किमान जबाबदारी मानायला हवी.

पोटात घ्यायच्या औषधाची कथा निराळी. आपल्याकडे बाळाला दूध, गुटी, औषध द्यायला बोंडलं असायचं, आणि भरवण्याचं साधन म्हणून ते उत्तमच. मोजण्यासाठी ते कधी नव्हतं. नंतर चमचा आला, आणि चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिली हे समीकरण डोक्यात बसलं, पण घरोघरचे चमचे एकाच मापाचे कुठे असतात? बाटलीबरोबर येणाऱ्या झाकणाच्या कपाची रेघ रुंद, आणि औषध चिकट. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांवर पालकांना वेगवेगळ्या मात्रा मोजायला दिल्या. पाचांतल्या चारांहून जास्त पालकांकडून निदान एकदा तरी वीस टक्क्यांपेक्षा मोठी चूक झाली, आणि कपाने मोजताना चुकीचं प्रमाण तोंडाने औषध द्यायच्या सिरिंजपेक्षा कितीतरी जास्त होतं, लहान मात्रांमध्ये तर फारच. आमच्याकडचे आईबाप यापेक्षा वेगळे असतील असं मानायला कारण नाही.

आपल्याकडची खरी अडचण मात्र सिरिंजनेही सुटत नाही. पॅरासिटामॉल घ्या. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरून १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे सहा मिली. पाच मिलीत २५० असलेल्या सिरपचे तीन मिली. आणि मिलीला १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांच्या बाटलीतले दीड मिली. तिन्ही बाटल्या एकाच घरात, एकाच फडताळात सापडतात. "मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं" ही आठवण थेंबांच्या बाटलीला लावली की मुलाच्या पोटात चौपट औषध जातं, आणि पॅरासिटामॉलची चौपट मात्रा पुन्हापुन्हा गेली तर यकृत जायबंदी होतं. सिरिंज इथे ०.१ मिलीपर्यंत अचूक मोजेल, फक्त चुकीच्या औषधाचं. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही हवेत, बाटलीवरच्या तीव्रतेसकट. भरवताना सुई नसलेली सिरिंज, पुढचं छोटं टोपण आधीच फेकून दिलेलं, आणि धार गालाच्या आतल्या बाजूला, घशात थेट नाही.

आपली सिरिंज कितपत खरी आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा तराजू पुरतो. वाटी ठेवून तराजू शून्यावर आणायचा, नव्या सिरिंजने पाच मिली पाणी मोजून वाटीत सोडायचं, वजन लिहायचं, आणि हे दहा वेळा करायचं. ३० अंशांना एक मिली पाणी ०.९९५७ ग्रॅम भरतं, म्हणजे पाच मिलीला ४.९८ ग्रॅम यायला हवेत. दहाही वजनं ५.०८ च्या आसपास एकवटली तर चूक सिरिंजच्या रेघांत किंवा वाचण्याच्या सवयीत आहे, आणि ती वजा करता येते. सरासरी ४.९८ पण वजनं ४.८ पासून ५.२ पर्यंत विखुरलेली, तर चूक हातात आहे, ती कुठल्याच आकडेमोडीने वजा होत नाही. शाळेच्या प्रयोगवहीत हा फरक एका दुपारीत समजतो. माझ्या मते तो पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा पक्का बसतो.

सिरिंज पंपांत प्रावाझ यांचा स्क्रू परत आला हे वर म्हटलंच. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्याचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.६ मिली. नवजात बाळाला ताशी ०.१ मिली औषध याच सिरिंजमधून चालू केलं तर दट्ट्याने तासाभरात मिलिमीटरचा सहावा भाग सरकायचं असतं. रबर तेवढ्यासाठी हलत नाही. ते अडून राहतं, मागे दाब साचतो, मग एकदम सरकतं. पडद्यावर ताशी ०.१ दिसत असतं आणि बाळाला औषध थांबून थांबून, गचके देत मिळत असतं. अशा वेळी लहान सिरिंज घेणं, आणि बाळाला जोडण्याआधी पंप चालू करून नळीच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत थांबणं, हे जाणत्या सिस्टर करतातच.

याहून खाली, मिलीच्या हजाराव्या भागापर्यंत, हॅमिल्टनच्या काचेच्या सिरिंजा जातात. अमेरिकेतल्या क्लार्क हॅमिल्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात बनवलेल्या या सिरिंजांशिवाय गॅस क्रोमॅटोग्राफीची कल्पना करता येत नाही. इथे काचेच्या नळीत धातूची तार हाच दट्ट्या. दहा मायक्रोलिटरच्या सिरिंजच्या सुईचं भोक ०.१३ मिलिमीटरचं आणि लांबी ५१. त्या भोकात पाऊण मायक्रोलिटरच्या जरा आत द्रव मावतो. एक मायक्रोलिटर नमुना टोचायचा असताना सुईतलाच ऐवज जवळजवळ तेवढा! यंत्राच्या तापलेल्या तोंडात सुई शिरली की सुईतला द्रव उकळून बाहेर पडतो, आणि मोजलेल्या एका मायक्रोलिटरऐवजी पावणेदोनच्या आसपास आत जातो. म्हणून रसायनशास्त्रज्ञ नमुना ओढल्यावर दट्ट्या मागे घेऊन सुई रिकामी करतात, नमुन्याच्या दोन्ही बाजूंना हवा दिसली की खरी लांबी नळीवर वाचतात.

आता वायू. द्रवासाठी नळी जितकी बारीक तितकं बरं, हे आतापर्यंत दिसलं. वायूला हा नियम नेमका उलटतो. रबरी दट्ट्या हलवायला काही जोर लागतोच. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये तो अर्धा किलो वजनाइतका धरू. दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस मिलिमीटर, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा नऊ टक्क्यांनी कमीजास्त असला तरी दट्ट्या जागचा हलणार नाही. तेवढ्याच टक्क्यांनी आकारमान खोटं. एक मिलीच्या सिरिंजमध्ये शंभर ग्रॅमचाच जोर लागला तरी क्षेत्रफळ अवघं १७ चौरस मिलिमीटर. दाबातला फरक अर्ध्या वातावरणाहून जास्त होतो. अशा सिरिंजवर वायूचं आकारमान वाचण्यात काही अर्थ उरत नाही. द्रव दाबला तरी दबत नाही म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्नच कधी पुढे येत नाही.

म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वायूसाठी १०० मिलीची, घासलेल्या काचेच्या दट्ट्याची सिरिंज असते. ती आडवी धरतात, नाहीतर दट्ट्याचं वजनच वायूवर पडतं. वाचण्याआधी दट्ट्या बोटांनी हलकेच गोल फिरवतात, म्हणजे अडलेला असेल तर सुटून आपल्या जागी येतो. आत ओल चालत नाही, ग्रीस लावायचं नाही. पाण्यावर पालथ्या धरलेल्या नळकांड्यात वायू गोळा करायची आपल्या शाळांतली पद्धत स्वस्त आहे आणि ऑक्सिजनसाठी ठीक; कार्बन डायऑक्साइड मात्र बराचसा पाण्यातच विरघळून जातो.

काचेची सिरिंज महाग पडते, फुटते. प्लास्टिकच्या ६० मिलीच्या सिरिंजमध्येच रसायनशास्त्र शिकवण्याचा मार्ग ऑस्ट्रियाचे शिक्षक व्हिक्टर ओबेनड्राउफ आणि अमेरिकेतल्या क्रेटन विद्यापीठाचे ब्रूस मॅटसन यांनी घालून दिला. दट्ट्याच्या रबराला सिलिकॉन तेलाचं बोट लावायचं, म्हणजे घर्षण उतरतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी हा प्रयोग असा होतो. छोट्या बुचात ०.१५ ग्रॅम खायचा सोडा घ्यायचा. दट्ट्या काढून सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून ती पाण्याने भरायची, बूच होडीसारखं पाण्यावर तरंगत ठेवायचं आणि बोट काढून पाणी जाऊ द्यायचं. बूच न सांडता तळाशी बसतं. दट्ट्या बसवून पाच मिली व्हिनेगर ओढायचं, तोंडाला टोपण लावून हलवायचं. दट्ट्या आपोआप मागे सरकू लागतो. मुलांच्या चेहऱ्याकडे या क्षणी पाहावं.

आता किती वायू आला पाहिजे? मुंबईत, समुद्रसपाटीला, २५ अंशांना हिशोबाने ४४ मिली. पुणं साडेपाचशे मीटरवर, तिथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. तेवढाच सोडा ४७ मिलीच्या जवळ जातो. एप्रिलमधल्या दुपारी ४० अंशांना तोच वायू ४९. याशिवाय ओलसर वायूत पाण्याची वाफ असते, ती एकदीड मिली फुगवते. आणि पाच मिली व्हिनेगर तीनचार मिली कार्बन डायऑक्साइड गिळून बसतं. दोन चुका एकमेकींना अर्धवट झाकतात आणि उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं. म्हणूनच वायूचं आकारमान लिहिताना तापमान आणि दाब सोबत लिहिला नाही तर तो आकडा अपुरा आहे, हे मुलांना सूत्र पाठ करण्याआधी दिसायला हवं. मुंबईच्या आणि पुण्याच्या शाळांनी एकाच दिवशी हा प्रयोग करून आकडे एकमेकांना कळवले तर दाबाचा धडा वेगळा शिकवायला नको.

याच सिरिंजने हवेचं वजनही करता येतं, पण इथे एक चकवा आहे. रिकामी सिरिंज तोलली, मग ५० मिली हवा ओढून तोलली, तर वजन वाढत नाही. सिरिंज जेवढी फुगली तेवढी बाहेरची हवा तिने बाजूला सारली आणि त्या हवेने तिला तेवढंच उचललं. म्हणून तोंड बंद करून दट्ट्या जोराने ५० पर्यंत ओढायचा, दांड्यात आधीच पाडलेल्या भोकात खिळा अडकवून तो तिथेच रोखायचा, आणि तोलायचं. मग टोपण उघडून हवा आत येऊ द्यायची, पुन्हा टोपण लावून तोलायचं. दोन्ही वेळा बाहेरचा आकार सारखाच, त्यामुळे फरक येतो तो हवेचाच: मुंबईत ०.०५९ ग्रॅम, पुण्यात ०.०५५ च्या पुढेमागे. यासाठी मात्र मिलिग्रॅम दाखवणारा तराजू हवा.

वैद्यकात वायू आणि सिरिंज यांची गाठ दुसऱ्या टोकालाही पडते. फुप्फुसांची क्षमता मोजणारं स्पायरोमीटर खरं बोलतंय का, हे तीन लिटरच्या प्रचंड सिरिंजने तपासतात. ती हळू, मध्यम आणि जोरात अशी वेगवेगळ्या वेगांनी रिकामी करायची आणि यंत्राने दरवेळी तीन टक्क्यांच्या आत तीन लिटर दाखवायचे. सिरिंज स्वतः अर्ध्या टक्क्यापर्यंत, म्हणजे १५ मिलीपर्यंत खरी असावी लागते. तिच्यातली हवा खोलीतली असते. रुग्णाच्या छातीतली ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली. २५ अंशांच्या खोलीत या दोहोंत साडेसात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणून यंत्र या फरकासाठी जी दुरुस्ती करतं ती तपासणीच्या वेळी बंद ठेवावी लागते. ही तपासणी रोज व्हायला हवी. जिथे ती होत नाही तिथल्या अहवालावरून दमेकऱ्याचं औषध ठरवणं बरोबर नाही.

शेवटचं उदाहरण आपल्या शेताचं. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातली भातशेती दरवर्षी जवळजवळ पावणेचार कोटी टन मिथेन सोडते असा आकडा होता. हवामानबदलाच्या वाटाघाटींत असा आकडा देशाला महाग पडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ साली देशभरच्या भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम झाली, आणि आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला. म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्शावर.

अशा मोजणीची पद्धत शेतात उभं राहून करायची. भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी पालथी ठेवायची, तिची कड पाण्यात बुडवून हवाबंद करायची, आणि ठरावीक मिनिटांनी रबरी बुचातून सिरिंजने आतली हवा खेचायची. पेटीतला मिथेन दर मिनिटाला किती वाढतो, यावरून खाचरातून किती निघतो ते कळतं. इथे सिरिंजवरची रेघ मोजमाप नसते. प्रयोगशाळेत गेल्यावर नमुन्यातली जास्तीची हवा एका ठरावीक आकारमानाच्या नळीवेटोळ्यातून वाहू देतात, वेटोळ्यातला दाब बाहेरच्याइतका झाला की तेवढीच हवा यंत्रात सोडतात. सिरिंजच्या दट्ट्याचं घर्षण आणि वाचणाऱ्याचा डोळा दोन्ही त्यामुळे हिशोबातून बाहेर पडतात. उरतो प्रश्न गळतीचा, कारण शेतापासून प्रयोगशाळेपर्यंत कधी दिवस जातो आणि प्लास्टिक आणि रबर वायूला पूर्ण अडवत नाहीत. म्हणून हवा सिरिंजमध्ये न ठेवता शेतावरच रबरी बुचाच्या निर्वात कुपीत भरतात, तीही जरा जास्त दाबाने, म्हणजे गळती झालीच तर ती आतून बाहेर होईल आणि बाहेरची हवा नमुन्यात शिरणार नाही.